स्क्रॅपबुकच्या पानावर फोटोशेजारी नेमकं काय लिहावं?

मोरपंखी | मंगळवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. येत्या मार्गशीर्षात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सगळ्या नातवंडांनी मिळून त्यांना स्क्रॅपबुक करून द्यायचं ठरवलंय आणि ते जमवायचं काम माझ्याकडे आलंय. फोटो निवडून झाले. बारा बाय बारा इंची अल्बम आणला, रंगीत कागद, पट्ट्या, कोपरे सगळं आणलं. मांडणी मला जमते, त्याची काळजी नाही.

अडलंय ते लिहिण्यापाशी. 'आईंचं लग्न, १९६६', 'फुलराणीत मुलं' (पेशवे पार्कातली छोटी आगगाडी), 'महाबळेश्वर' यापुढे काही सुचत नाही. तयार ओळी शोधल्या तर 'ते सोनेरी क्षण' छापाच्या सापडतात. त्या कोणाच्याही अल्बमात चिकटवता येतील, म्हणून मला नकोत. हा अल्बम उद्या माझ्या मुलीच्या हातात जाणार आहे. तिला तिची आजी कळली पाहिजे.

तर प्रश्न असे: लिहायचं काय, किती, कोणी आणि कोणत्या पेनाने? नारायण पेठेतल्या जुन्या घरातले फोटो आहेत, त्यातले काही पानशेत धरण फुटून आलेल्या पुरातून वाचलेले. ते हाताळायलाही भीती वाटते.

अबोली | मंगळवार, रात्री १०.२५

फार छान विषय. माझ्या आईसाठी हेच करायचंय. वाचत राहते.

कात्रणवही | मंगळवार, रात्री ११.४०

मोरपंखी, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून एवढ्या रात्री लिहायला बसले. गेली बरीच वर्षं कोथरूडला घरी स्क्रॅपबुकचे वर्ग घेते. येणाऱ्या बायका कातरकामात तासन् तास रमतात आणि लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवतात. जवळजवळ प्रत्येकीचं हेच होतं.

माझं सांगणं एकच: फोटोत दिसतंय ते लिहू नका. फुलराणीत मुलं बसली आहेत हे फोटोच सांगतोय. फोटोला जे सांगता येत नाही ते लिहा. फोटो काढला कोणी? कॅमेरा घरचा की मागून आणलेला? त्या दिवशी पेशवे पार्कात कसे गेलात, चालत, सायकलवर की पीएमटीच्या बसने? कोण रडत होतं? आणि घरातलं कोण त्यात नाहीये, आणि का? हा शेवटचा प्रश्न तर विचाराच. बहुतेक घरांत फोटोत नसलेलं माणूस म्हणजे स्वयंपाकघरात असलेली बाई. तिची आठवण पानावर यायला हवी.

कृष्णधवल फोटो असेल तर रंग विचारा. साडीचा, भिंतीचा, सायकलचा, फ्रॉकचा. रंगाचं नाव घेतलं की माणसं आपोआप पुढे बोलायला लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. 'आई, तुमच्या आठवणी सांगा ना' म्हटलं तर त्या म्हणतील, 'माझ्या कसल्या आठवणी!' त्याऐवजी फोटो हातात द्या आणि विचारा, 'ही साडी कुठून घेतली होती? आता कुठे आहे?' साडीवरून दुकान निघतं, दुकानावरून सोबत कोण होतं ते निघतं, आणि मग तुम्हाला नुसतं ऐकायचंच काम उरतं.

बोलणं त्यांना सांगून फोनवर रेकॉर्ड करा. उतरवून घेताना त्यांची भाषा दुरुस्त करू नका. त्या 'आम्ही जातो तर काय, सगळा चिखलच चिखल' असं म्हणाल्या असतील तर तेच लिहा. 'सर्वत्र चिखलाचे साम्राज्य पसरले होते' असं झालं की बाई पानावरून नाहीशी झाली म्हणून समजा.

सिंहगडरोड | बुधवार, सकाळी ७.०५

कात्रणवहींना अनुमोदन. माझी एक भर, नावांची. आमच्या घरच्या फोटोंमागे 'सुमनकाकू', 'बापू', 'नंदाची जाऊ' असं लिहिलंय. आज यातलं कोणीच ओळखू येत नाही. पूर्ण नाव लिहा. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, त्यामुळे लग्नाआधीच्या फोटोतली कुमुद आणि नंतरच्या फोटोतली वैशाली एकच हे पुढच्या पिढीला कळायला मार्गच नसतो. आमच्या आजीच्या तीन बहिणींचा घोळ असाच होता. शेवटी माहेरची कुळवंशावळ पाहून उलगडला.

ग्रुप फोटो असेल तर 'डावीकडून पहिली ओळ' वगैरे करत बसू नका, मुलं मध्येच हललेली असतात. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हलक्या हाताने डोक्यांच्या बाह्यरेषा काढायच्या, प्रत्येक डोक्यात आकडा टाकायचा आणि तो कागद शेजारी चिकटवून खाली आकड्यांप्रमाणे नावं लिहायची. फोटोच्या प्रिंटवर दाब नको, म्हणून ट्रेसिंग मूळ फोटोवर न करता झेरॉक्सवर करा.

शाईदौत | बुधवार, सकाळी ९.३०

एका जुन्या ग्रंथालयात जतनविभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. साहित्याबद्दल सांगतो. प्रेमाने लिहिलेला मजकूर वीस वर्षांत उडून गेलेला मी पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर.

पेन: साधं बॉलपेन नको. त्याची शाई विरघळणारा रंग (डाय) घालून केलेली असते, उजेडाने फिकी पडते, कधी तेलकट कडा सोडते. वर दाब द्यावा लागतो तो वेगळाच. पिगमेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन) घ्या. त्यावर 'पिगमेंट' आणि 'वॉटरप्रूफ' असं लिहिलेलं असतं, आर्किटेक्टची मुलं वापरतात ते. अप्पा बळवंत चौकात आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत सहज मिळतात. टोक ०.५ किंवा ०.८ घ्या. ०.१ ने लिहिलेलं सासूबाईंना वाचता येणार नाही. जेलपेनांतली काही पिगमेंटची असतात, काही नसतात. एका कागदावर लिहून अर्धा कागद झाका, महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा, काय ते कळेल.

कागद: आम्लमुक्त आणि लिग्निन नसलेला. लिग्निन हा लाकडातला घटक, त्यानेच वर्तमानपत्र पिवळं पडून कुरकुरीत होतं. म्हणून पेपरातलं कात्रण मूळ स्वरूपात फोटोला लागून चिकटवू नका. चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. पुण्यात राहून एक सोय आपल्याला आहे. शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांपासून कागद करतात. सुती लगद्यात लिग्निन जवळजवळ नसतंच. मात्र फुलापानांच्या पाकळ्या घातलेला शोभेचा कागद फोटोखाली नको. आणि हातकागदावर शाई पसरते का ते कोपऱ्यात आधी करून पाहा.

चिकटवणं: सेलोटेप अजिबात नाही. घरची खळही नको, कसर लागते. फोटोचे कोपरे उत्तम, फोटो हवा तेव्हा काढता येतो. प्लास्टिकची पाकिटं पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरची असावीत. पीव्हीसीची घेऊ नका. नवीन पीव्हीसीला जो उग्र वास येतो, त्यावरून ओळखू येतं. ती कालांतराने फोटोला चिकटतात आणि त्यातून आम्ल सुटतं.

फोटोच्या मागे लिहायचं असेल तर: जुन्या कृष्णधवल प्रिंटचा कागद साधा असतो, त्यावर मऊ शिसपेन्सिलने, २बी किंवा त्याहून मऊ, कडेला लिहावं. फोटो काचेवर पालथा ठेवून अगदी हलक्या हाताने, नाहीतर अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. रंगीत फोटोंचा कागद प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. तिथे पिगमेंट पेन आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवायचे नाहीत.

मोरपंखी | बुधवार, सकाळी १०.१५

काका, किती उपयोगी! पुराच्या फोटोंचं काय करू? दोन फोटोंच्या फ्रेमच्या काचेला प्रतिमा चिकटलीय आणि खालच्या बाजूला गाळाची रेघ आहे.

शाईदौत | बुधवार, सकाळी १०.५०

काच ओढू नका. कितीही हळू केलं तरी प्रतिमेचा थर काचेसोबत निघून येईल. आहे तसाच, काचेतूनच, स्कॅन करा किंवा उजेडाचं प्रतिबिंब पडणार नाही अशा कोनातून फोटो काढा आणि ती प्रत अल्बमला वापरा. मूळ फ्रेम तशीच ठेवा.

आणि एक विनंती. स्कॅन केल्यावर संगणकावर ती गाळाची रेघ पुसून टाकू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांचे सगळेच्या सगळे फोटो, पत्रिका, दाखले वाहून गेले. जे उरलं त्यावरची ती रेघ हाच घराचा पुरावा आहे. तिच्याशेजारी लिहा: पाणी घरात कुठपर्यंत आलं, हा फोटो कुठल्या भिंतीवर होता, कोणाला सापडला.

परदेशीपाखरू | बुधवार, दुपारी ३.२०

मी कॅलिफोर्नियात असते. माझ्या मुलांना देवनागरी अक्षरं लावत लावत वाचता येतात, पण एक पान वाचायला वेळ लागतो. आईने पाठवलेला अल्बम ती चाळतात आणि मजकूर सोडून देतात. मजकूर इंग्रजीत लिहावा का?

कात्रणवही | बुधवार, दुपारी ४.००

मराठीतच लिहा. आजीच्या तोंडचं वाक्य इंग्रजीत गेलं की आजीचं राहत नाही. पण पानाच्या मागे छोटा खिसा करा आणि त्यात इंग्रजीत अर्थ लिहिलेलं कार्ड ठेवा. आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर ते मुलांना ऐकवा, ती डोळ्यांपेक्षा कानाने मराठी लवकर घेतात. काहीजण पानावर क्यूआर कोड चिकटवतात, हौस म्हणून ठीक. मात्र ज्या साइटवर आवाज ठेवलाय ती बंद पडली की तो चौकोन नुसताच उरतो. त्यामुळे शब्द पानावर हवेतच.

पटवर्धनबाग | बुधवार, रात्री ८.४५

इथे एक वेगळा मुद्दा मांडते, कारण आमच्याकडे त्यावरून खूप बोलाचाली झाली. अल्बममध्ये सगळं गोडच लिहायचं का? माझ्या वडिलांचा सख्खा भाऊ वाटणीवरून बोलायचा बंद झाला. त्यानंतरच्या एकाही फोटोत काका नाहीत. पंचाहत्तरीच्या अल्बममध्ये बहीण म्हणाली, काकांचा विषयच नको. मी म्हटलं, लहानपणी ज्या काकांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलो, ते अल्बममध्ये नसतील तर अल्बम खोटा होईल.

सिंहगडरोड | बुधवार, रात्री ९.१०

माझं मत तुमच्या बहिणीच्या बाजूचं आहे. सोहळ्याला पन्नास माणसं येणार, अल्बम हातोहात फिरणार. ज्यांच्याबद्दल लिहाल ती माणसं, त्यांची मुलं, सगळे तिथेच असणार. वाटणीची बाजू एकाच्या तोंडून लिहिली की दुसऱ्याला उत्तर द्यायची संधी उरत नाही. हे न्यायाचं नाही.

पटवर्धनबाग | बुधवार, रात्री ९.३०

वाटणीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. सायकलबद्दल लिहिलं. हिरवी ॲटलस, मागे दप्तरं, पुढे मी, आणि चढ आला की काका म्हणायचे 'उतर आता, तू जड झालीस'. वडिलांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, 'ती सायकल आम्ही दोघांनी मिळून घेतली होती, अर्धे पैसे माझे.' हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याच हाताने ते खाली लिहून घेतलं.

कात्रणवही | बुधवार, रात्री १०.००

हे फार मोलाचं सांगितलंत. सिंहगडरोड यांचंही पटतं, जिवंत माणसाला सगळ्यांसमोर दुखावेल असं पानावर नको. अशा गोष्टींसाठी मी बंद पाकीट सुचवते. पानाला पाकीट चिकटवायचं, आत मजकूर, वर 'अमुक व्यक्तीनेच उघडावं' अशी सूचना. माझ्या एका विद्यार्थिनीने गेलेल्या बाळाबद्दल असंच लिहून ठेवलं. अल्बम सगळे बघतात, पाकीट ज्याचं त्यालाच.

दु:ख अजिबात नको असं मात्र म्हणू नका. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात नुसत्या सहली आणि वाढदिवस दिसले तर ते आयुष्य कोणाचं म्हणायचं?

अबोली | गुरुवार, सकाळी ८.१५

किती लिहायचं यावर कोणी सांगेल का? मला सुचायला लागलं की थांबता येत नाही, आणि मग फोटो बारीक होतात.

कात्रणवही | गुरुवार, सकाळी ८.५०

वेगळ्या कार्डावर लिहा आणि मग कार्ड चिकटवा. थेट पानावर लिहिलं की चुकायची भीती असते, आणि भीतीने माणूस कमी लिहितो. कार्डावर पेन्सिलने हलक्या रेघा आखायच्या, शाई वाळली की खोडायच्या. फोटो ठेवून त्याशेजारी कधीच लिहू नये, हाताचा घाम आणि पेनाचा दाब दोन्ही फोटोला लागतात. एका उघड्या जोडपानावर एकच मोठा मजकूर, बाकी ठिकाणी नाव, गाव, साल. प्रत्येक फोटोला गोष्ट द्यायची गरज नाही. जास्त मजकूर असेल तर घडी घातलेला कागद खिशात, वर बोटाने ओढायला एक फित.

आणि हस्ताक्षर. हात थरथरतो म्हणून वडीलधारी माणसं 'तूच लिही' म्हणतात. पूर्ण मजकूर तुम्ही लिहा, पण शेवटी त्यांच्याकडून एक ओळ, निदान सही घ्या. वाकडी आली तरी तीच ठेवा. स्वतःच्या अक्षराची लाज वाटते म्हणून संगणकावर टाइप करणाऱ्यांनाही हेच सांगेन. घरात आईने लिहिलेली किराणा मालाची यादी सापडली तर ती जपून ठेवणारी माणसं मी पाहिलीत. तीही पानावर लावा, तो लिखित मजकूरच आहे.

शाईदौत | गुरुवार, सकाळी ९.२०

यादीवरून आठवलं. अल्बममध्ये तिकिटं, पावत्या लावणार असाल तर जपून. हल्लीची बसची, सिनेमाची तिकिटं उष्णतेने छापतात, दोन-चार वर्षांत कोरी होतात. त्यांची झेरॉक्स लावा आणि शेजारी तारीख हाताने लिहा. जुन्या पीएमटीची कागदी तिकिटं कोणाकडे असतील तर ती टिकतात. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची सेवा २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, त्यामुळे तिकिटावर 'पीएमटी' असेल तर ते त्याआधीचं. तारीख नसलेल्या पानाचा काळ ठरवायला एवढं पुरतं. गाडीची पाटीही पाहा. नंबर 'एमएच १२' ने सुरू होत असेल तर फोटो नव्वदीच्या आसपासचा किंवा नंतरचा.

निशिगंध | गुरुवार, दुपारी १.००

आमच्या पणजोबांच्या फोटोमागे मोडीत चार ओळी आहेत. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. त्या तशाच सोडाव्या का?

शाईदौत | गुरुवार, दुपारी १.४०

सोडू नका, वाचून घ्या. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तिथे वाचणारी माणसं भेटतील. मागच्या मजकुराचा स्वच्छ फोटो काढून न्या, मूळ फोटो नको. अल्बममध्ये मूळ मजकुराचा फोटो, खाली देवनागरीत तोच मजकूर आणि तिसऱ्या ओळीत कोणी, कधी वाचला ते.

मोरपंखी | शनिवार, सायंकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आईंजवळ बसले. लक्ष्मी रस्त्यावरच्या स्टुडिओत काढलेला चार मैत्रिणींचा फोटो हातात दिला. मागे फक्त 'मॅट्रिक, १९६२' असं लिहिलेलं. कात्रणवही, तुमचं ऐकून पहिला प्रश्न साडीच्या रंगाचा विचारला. त्या बोलल्या ते जसंच्या तसं उतरवलंय:

'जांभळी होती. पण माझी नाही गं ती. आमच्याकडे काय राहिलं होतं? पुरात सगळं गेलं. आम्ही पर्वतीवर गेलो होतो, आई, मी आणि धाकटा. दादा मागे राहिला होता देव घेऊन येतो म्हणून, तो दुसऱ्या दिवशी भेटला. परत येऊन बघतो तर ट्रंकेत चिखल. आईच्या लग्नातला शालू पिळला तर माती निघत होती नुसती. मग परीक्षा झाल्यावर या म्हणाल्या फोटो काढू. मी म्हटलं मी नाही येत. तर ही कडेची आहे ना, कमल, हिने साडी आणून दिली आणि म्हणाली, मी पण बहिणीची नेसणार आहे, म्हणजे दोघींच्या उसन्या. तिची स्वतःची चांगली साडी होती, मला माहीत होतं. तरी ती बहिणीची नेसून आली.'

चारही नावं माहेर-सासरसकट लिहून घेतली. कमलताई आता गोखलेनगरला असतात, त्यांचंही घर पुरात गेलं होतं आणि सुरुवातीची वर्षं त्यांनी पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या अर्धगोल छपराच्या घरांत, निस्सेन हटमध्ये, काढली, हे मला आजच कळलं. त्यांना सोहळ्याचं आमंत्रण द्यायचं ठरलंय.

मजकूर मी लिहिला आणि खाली आईंनी सही केली. सासरचं नाव लिहून झाल्यावर थांबल्या आणि कंसात माहेरचंही लिहिलं.

आता अडचण अशी की हा मजकूर कार्डावर मावत नाही आणि मला यातला एकही शब्द कमी करायचा नाहीये. कात्रणवही, घडीच्या कागदाला खिसा किती इंची करू? आणि काका, जांभळ्या रंगाची एखादी चिंधी शेजारी लावली तर कापडाचा रंग फोटोवर उतरेल का?

शाईदौत | शनिवार, सायंकाळी ७.१०

नवीन रंगीत कापड फोटोला लागून नको, पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग सुटतो. समोरच्या पानावरही नको, अल्बम मिटल्यावर ते फोटोवरच येतं. पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून मजकुराच्या खिशातच ठेवा. आणि अल्बम माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका, बुरशी येते.

कात्रणवही | शनिवार, सायंकाळी ७.३०

खिसा सहा बाय चार, कागद दोन घड्यांचा. अक्षर मोठं ठेवा, कमलताईही वाचणार आहेत. आणि त्या आल्या की त्यांच्याकडूनही त्या साडीची हकीकत लिहून घ्या, पानावर तेवढी जागा आत्ताच सोडा.